ताल देणारा हात

रविवार, १२ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, पत्रांना उत्तर देत नाहीस, पण पत्रं परतही येत नाहीत. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि माणूस धडधाकट आहे, असं धरून चालते. तुझा राग बाबांवर आहे, माझ्यावर नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. खोटं असेल तर एका ओळीत कळव, त्या निमित्ताने तुझं अक्षर तरी दिसेल.

आज लिहायला कारण आहे. तुझी लेक रेडिओवर गायली.

आमचं केंद्र म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेत, मधे एक काच. काचेच्या आत गाणारे, बाहेर मी आणि माझी बटणं. खाली कुणी चाकावर ठोकाठोक सुरू केली की मला जिन्यात जाऊन ओरडावं लागतं. आवाज चार वस्त्यांपलीकडे जात नाही. पण आता रविवारी सकाळी लहान मुलांच्या शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम सुरू केलाय, तोही थेट. इथे मुलांना शास्त्रीय शिकवणारं बाबांशिवाय आहे कोण? त्यामुळे पहिला मान त्यांच्या क्लासला, आणि क्लासात ठकीला.

भैरव गायली. अकरा वर्षांची पोर, पण तिने सा लावला आणि आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी हातातला चहा खाली ठेवला. त्या बाई कुणासाठी चहा थांबवत नाहीत, मी नोकरीला लागले त्या दिवशीसुद्धा थांबवला नव्हता.

कार्यक्रम संपतो न संपतो तोच कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचा फोन. त्यांच्या दुकानात आमचा रेडिओ दिवसभर चालू असतो. म्हणाले, "काय तयारी आहे हो पोरीची! श्वास कुठे चोरते तेच कळत नाही. आणि ती टाळी कोण देतं? एकदम खणखणीत! माझ्या मशिनीवरचा पाय तिच्याच तालात चालला होता."

मी म्हटलं, "तिचे आजोबा देतात. शेजारी बसून."

ठकी मजेत आहे. उंच झाली आहे. फ्रॉक आता घालत नाही, पायघोळ सलवार घालते; मोठी होतेय, लाज वाटत असेल. चालताना जरा लंगडते, नवी चप्पल चावते म्हणून. वहिनी गेल्यावर तू तिला इथे सोडलंस तेव्हा दारात मला म्हणाला होतास, "तू आहेस ना." आहे की. इथेच आहे.

तुझी धाकटी


गुरुवार, २३ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात चपलेचं लिहिलं ते खोटं. चप्पल जुनीच आहे.

बाबा ताल देतात तो ठकीच्या मांडीवर देतात. तुझ्या मांडीवर द्यायचे तसाच. शेजारी बसतात, डोळे मिटतात आणि उघड्या पंजाने मारतात. तीनतालात तीन टाळ्या आणि मधे एक खाली. समेची टाळी सगळ्यात जोरात. खालीला मारायचं नाही, हात हवेत उलटा फिरवायचा. हे मी तुला काय सांगणार! पण ठकी श्वास फक्त तिथेच घेते, हे तुला माहीत नसेल. खालीला त्यांचा हात वर गेला की तिची छाती भरते, आणि तेवढ्या श्वासावर ती पुढचं सगळं आवर्तन काढते. मला काचेतून दिसतं.

परवा खेळताना गुडघा सोलवटला म्हणून मी तिची सलवार वर केली. मांडीवर पंजा उमटलाय, दादा. जुना पिवळा, त्यावर निळा, त्यावर लाल. मी हळद शोधायला म्हणून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

आता ऐक. त्या टाळीचं एवढं कौतुक झालं की केंद्रप्रमुख बाई मला म्हणाल्या, "त्या टाळीने गाण्याला धार येते. तिला स्वतंत्र माइक द्या." मी दिला. माझ्या हाताने, ठकीच्या गुडघ्याजवळ, बेताच्या अंतरावर. बटण फिरवून आवाज वाढवला. दुसऱ्या रविवारी चार वस्त्यांत घराघरांत ती टाळी वाजली आणि लोकांनी माना डोलावल्या.

तू म्हणशील, मूग गिळून का बसलीस? बसले नाही. तिची मांडी बघितली त्याच संध्याकाळी बाबांसमोर उभी राहिले. म्हटलं, "बाबा, तिच्या मांडीवर हात टाकू नका. तुमच्या माराने दादाचा एक कान गेला तेवढं पुरे."

ते तबला लावत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याचा कान गेला, पण सूर जागेवर होता. पळाला नसता तर आज गात असता. तुझ्यावर हात उचलला नाही, म्हणून तू बटणं फिरवत बसलीस."

मी म्हटलं, "पोलिसांत जाईन."

त्यांनी हातातली हातोडी फेकून मारली. नेम चुकला असं म्हणणार नाही, ताल आणि नेम दोन्ही पक्के आहेत त्यांचे. माझा पुढचा दात अर्धा गेला. आता 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. केंद्रावर सांगितलं की नळाशी घसरले, आणि सगळ्यांनी मिळून मला चिडवलंही.

एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. मला त्यांनी शिकवलं नाही, म्हणून कधी मारलंही नाही. तुझी तालीम चालायची तेव्हा मी दाराबाहेर बसून माझ्याच मांडीवर ताल धरायचे, आणि मला तुझा हेवा वाटायचा. आत तू रडत असायचास आणि मला तुझा हेवा वाटायचा!

येऊन तिला घेऊन जा. तुझी खोली लहान असेल, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या असतील, मला सगळं मान्य. तरी ये.

तुझी धाकटी


सोमवार, १० फेब्रुवारी

दादा,

बाबा पायरीवरून पडले. उजवं मनगट मोडलंय, दोन ठिकाणी. प्लास्टर घातलंय. काळजीचं कारण नाही.

तू येत नाहीस म्हटल्यावर मी माझं डोकं चालवलं. केंद्रप्रमुख बाईंना पटवलं की आत माणसं जास्त झाली की श्वासांचा आवाज येतो. आत फक्त गाणारा आणि तबलजी बसू देत. बाईंना टाळी जाणार म्हणून वाईट वाटलं, पण यंत्रातलं त्यांना काही कळत नाही, माझ्या शब्दावर चालतात. बाबांना बाहेर माझ्या मागच्या खुर्चीवर बसवलं. ते बसले. मला वाटलं, जिंकले.

काल ठकी आत एकटी बसली, समोर तबलजी. तो भला माणूस आहे, बाबांचाच जुना शिष्य, पण त्यांच्यापुढे शेळी होतो. आलाप सुंदर झाला. बंदिश सुरू झाली, ठेका सुरू झाला, आणि सम आली तेव्हा ठकी तिथे नव्हती. एक मात्रा मागे. पुढच्या वेळी दोन पुढे. तबलजी मान हलवून खुणावत होता, ओठांनी आकडे म्हणत होता, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या मांडीकडे बघत होती. मग लक्षात आलं, ती श्वासच घेत नव्हती. खालीला वर जाणारा हात नाही, तर श्वास कुठे घ्यायचा ते तिला ठाऊकच नाही. तोंड लाल झालं, आवाज तुटला आणि ती गप्प बसली. थेट कार्यक्रमात. मी घाईघाईने लसीकरणाची जाहिरात लावली.

बाबा माझ्या मागे बसून एवढंच म्हणाले, "बघितलंस?"

घरी आल्यावर त्यांनी तिला तालमीच्या खोलीत नेलं आणि कडी लावली. मी स्वयंपाकघरात होते. आधी बोलणं ऐकू आलं, "सम कुठाय? दाखव. बोट ठेव, कुठाय सम?" मग आवाज. पंजाचा नाही, लाकडाचा. आणि ठकी रडत नव्हती, दादा, ती गात होती. प्रत्येक घावाला तोच सूर, तीच ओळ, पहिल्यापासून. तानपुरा आडवा पडल्याचा आवाज आला आणि मी दारावर खांदा घातला. कडी जुनी होती, निघाली.

पायरी वगैरे काही नाही. पायरीचं डॉक्टरांना सांगितलंय, आणि ते मी नाही, बाबांनीच सांगितलं.

ते हातोडीच्या दांड्याने तिच्या गुडघ्यांवर मारत होते. मी हातोडी हिसकावली. त्यांनी माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. मग मी त्यांचा उजवा हात जमिनीवर दाबून धरला आणि त्यावर हातोडी घातली. पहिला घाव रागाने घातला. दुसऱ्या वेळी राग उतरला होता. दुसरा मी बघून, जागा ठरवून घातला.

हाडाचा आवाज कसा येतो ते लिहीत नाही. बाबा ओरडले नाहीत, खाली बसले. ओरडली ती ठकी. "आत्या! आजोबांचा हात!" म्हणाली, आणि सुजलेल्या गुडघ्यांनी रांगत गेली आणि तो हात मांडीवर घेऊन बसली. माझ्याकडे तिने अशा नजरेने बघितलं की मी हातोडी कुठे ठेवू ते मला कळेना.

ताल देणारा हात मोडला. आता तरी सुटलो, असं मला वाटतंय.

धाकटी


बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा,

घर शांत आहे. बाबांना मी चमच्याने भरवते. ते तोंड उघडतात, गिळतात, मला दुखलंय का वगैरे काही विचारत नाहीत आणि मीही विचारत नाही. डावा हात पलंगाच्या पट्टीवर चालू असतो, धा धिं धिं धा. डाव्या हाताने त्यांना जोर येत नाही.

ठकीची तालीम तोंडी चालते. ते मात्रा म्हणतात, ती गाते, आणि समेवर रोज चुकते. काल माझ्याजवळ आली. मी भांडी घासत होते. म्हणाली, "आत्या, तू देतेस का ताल? हळू दे. आजोबांसारखा नको देऊस, पण दे."

मी म्हटलं, "टाळी वाजवते की. माझ्या हातावर."

"तशी नाही कळत," ती म्हणाली. अगदी समजुतीने, मीच लहान असल्यासारखं.

मी ठाम नाही म्हटलं. उगाच रागावलेसुद्धा. आज दुपारी केंद्रावरून लवकर आले, तर तालमीच्या खोलीतून पिटुकलीचं गाणं ऐकू येत होतं. पिटुकली म्हणजे तबलजीची मुलगी, सहा वर्षांची, अजून दुधाचे दात आहेत. कधी तालात न गाणारी पोर, आणि आज बरोब्बर समेवर येत होती. मला आनंद झाला. म्हटलं, बघ, मार नसला की पोरं कशी फुलतात!

दार उघडलं. ठकी तिच्या शेजारी बसली होती, डोळे मिटून. आणि तिच्या पाठीत ताल देत होती. उघड्या पंजाने. पिटुकलीच्या नाकातून पाणी वाहत होतं, पण ती गात होती, आणि खालीला ठकीचा हात हवेत उलटा झाला की ती श्वास घेत होती.

ठकीने मला बघितलं. चेहरा उजळला तिचा. "आत्या, बघ ना! आली की नाही समेवर? दोन दिवसांत आणली मी!"

पुढचंही लिहिते. मी तिच्या अंगावर धावून गेले. दंडाला धरून तिला उठवलं आणि मारायला लागले. "मारशील? पुन्हा मारशील कुणाला?" म्हणत होते आणि मारत होते. पाठीवर, मांडीवर, हात येईल तिथे. पिटुकली कोपऱ्यात भिंतीला चिकटली. मला थांबता येईना. मग एकदम जाणवलं की ठकी मुसमुसत नाहीये. ती बारीक आवाजात गातेय. आणि माझा हात उगाच कुठेही पडत नाहीये. एक मारून थांबतोय, पुन्हा पडतोय, मग वर राहतोय, मग पुन्हा पडतोय. दाराबाहेर बसून शिकलेला ताल, दादा. इतकी वर्षं अंगात होता.

ती समेवर आली. बरोब्बर आली. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. म्हणाली, "आत्या, तुझा हात आजोबांपेक्षा छान आहे."

पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "कोण देतंय ताल?"

तू ये. आता हे बाबांपासून वाचवायला म्हणून सांगत नाहीये.


रविवार, ९ मार्च

दादा,

हे पत्र टपालाने येणार नाही, ठकीच्या हातात देतेय. तबलजी तिला तुझ्या दारापर्यंत पोचवेल. पिटुकलीलाही तो बरोबर घेऊन निघालाय, तो परत क्लासात येणार नाही. पाठ बघितली त्याने मुलीची. आयुष्यात पहिल्यांदा तो बाबांसमोर मोठ्याने बोलला आणि मग बाहेर जाऊन ओकला.

तू दार उघडलं नाहीस तर ती उंबऱ्यावर बसून राहील, जिद्दीची आहे. पण तू उघडशील.

गेल्या रविवारी काय झालं ते तुला कळलं पाहिजे. दोन रविवार ठकीचं गाणं नव्हतं म्हणून श्रोत्यांनी फोन करकरून केंद्रप्रमुख बाईंचं डोकं खाल्लं. ठकी माझ्या मागे लागली. "एकदाच, आत्या. शेवटचं. हळू दे." मी बटणं केंद्रावरच्या दुसऱ्या मुलीकडे दिली आणि काचेच्या आत जाऊन ठकीच्या शेजारी बसले. पहिल्या टाळ्या खरंच हळू होत्या. ती अडखळली. मग मी हळू दिल्या नाहीत.

असं गायली की काय सांगू. शेवटच्या तिहाईला माझा हात आणि तिचा सूर एका क्षणी पडला आणि बाहेर बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. शिंपीकाकांचा फोन आलाच, "आली बघा आमची टाळी परत!"

घरी आले. बाबा रेडिओ उशाशी घेऊन पडले होते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शाबास."

चाळीस वर्षांची झाले मी. हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आणि दादा, मला बरं वाटलं. तळहात चुरचुरत होता, आत ठकी पाय लांब करून त्यावर ओला फडका ठेवत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मोरीत जाऊन रडले. त्याच दिवशी मी तबलजीला तिकिटं काढायला सांगितली.

आज सकाळी गाणं नव्हतं. माइक उघडून मी लोकांना सांगितलं की ती टाळी म्हणजे काय होतं, कुठे पडत होती, आधी कुणाची होती आणि गेल्या रविवारी कुणाची. बाईंनी मधेच माझा आवाज बंद केला, तोवर सांगून झालं होतं. नोकरी बहुतेक गेली. दोन घरांनी मुलं क्लासातून काढली. बाकीच्यांनी विचारलं, गुरुजींचा हात कधी बरा होणार? शिंपीकाका स्वतः जिना चढून वर आले, काचेतून आतल्या माइककडे बघून परत गेले. उद्या सकाळी मी पोलिसांकडे जाणार आहे, बाबांचंही सांगणार आणि माझंही. दातातून शिट्टी वाजेल, पण सांगेन.

आता ठकीचं. तिला गायला सांगू नकोस. ती आपणहून गाईल. तू तिच्या उजवीकडे बस, म्हणजे तुझा चांगला कान तिच्या बाजूला येईल. सम जवळ आली की ती आधी तुझ्या हाताकडे बघेल, मग मांडी तुझ्या बाजूला सरकवेल. नकळत सरकवते, तिला रागावू नकोस. त्या वेळी दोन्ही हात बुडाखाली घालून बस, लहानपणी आपण शिक्षा म्हणून बसायचो तसा. तुझ्याही अंगात तो ताल आहे. मला वाटायचं माझ्या नाही, म्हणून सांगते.

ती चुकेल. पुष्कळ दिवस चुकेल, श्वास कोंडेल, रडेल, तुला म्हणेल, "बाबा, एकदाच दे." देऊ नकोस. आणि चुकत चुकत कधी समेवर आली, तर शाबासही म्हणू नकोस. नुसता ऐक. एका कानाने जेवढं ऐकू येईल तेवढं ऐक.

पोचली की एक ओळ लिही.

तुझी धाकटी